विरजणाची वाटी

२२ मे १९९७. वैशाखातली पौर्णिमा. जबलपूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीत झोपणं म्हणजे तव्यावर झोपणं. त्यामुळे कित्येक घरांतल्या खाटा गच्चीवर नाहीतर अंगणात निघालेल्या. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता होती ५.८, आणि त्याचं केंद्र शहराला लागूनच असलेल्या कोसमघाट गावाच्या आसपास. सुमारे ४० माणसं गेली. हजारो घरं पडली आणि त्याहून कितीतरी अधिक घरांच्या भिंतींना तडे गेले. माणसं बाहेर झोपलेली नसती, तर हा आकडा आणखी मोठा झाला असता.

अशा वेळी घराबाहेर पडलेला माणूस आधी आपली माणसं मोजतो. मुलं मोजतो, आई-वडील आले का ते पाहतो. छातीतली धडधड जरा कमी झाली, की त्याची मान आपोआप शेजारच्या दाराकडे वळते. आणि तो ओरडतो, ‘अहो, त्यांची आजी बाहेर आली का? ती मागच्या खोलीत झोपते!’

वाक्य अगदी साधं आहे. पण ते कोण म्हणू शकतं? पोलीस नाही, नगरपालिका नाही, अग्निशामक दल नाही. परगावी असलेला सख्खा मुलगाही त्या क्षणी ते सांगायला तिथे नसतो. आजी कोणत्या खोलीत झोपते, तिला ऐकू कमी येतं, रात्री ती कडी लावून घेते, ही माहिती कुठल्याच सरकारी कागदावर नसते. ती फक्त शेजाऱ्याच्या डोक्यात असते.

मात्र ती तिथे आपोआप येत नाही. तिच्यामागे वर्षानुवर्षांची ये-जा असते, आणि बहुतेक वेळा त्या ये-जेची सुरुवात एखाद्या वाटीनं झालेली असते. कधी साखरेच्या, कधी चहापत्तीच्या, तर कधी विरजणाच्या.

आजी कुठं झोपते?

तीन भूकंप एकापाठोपाठ आठवून पाहावेत. लातूर-उस्मानाबादचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. गणेशविसर्जन आटोपून दमलेली गावं गाढ झोपेत होती. जपानमधल्या कोबे शहराचा भूकंप १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी झाला. आणि जबलपूरचा, १९९७ सालचा, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. तिन्ही वेळा माणसं अंथरुणात होती. म्हणजे कोण कुठं झोपतं, यावर जगणं-मरणं अवलंबून होतं.

कोबेच्या भूकंपात सहा हजार चारशेहून अधिक माणसं दगावली. ढिगाऱ्याखालून जी जिवंत निघाली, त्यांतल्या बहुतेकांना प्रशिक्षित पथकांनी काढलेलं नव्हतं. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी हातांनी, फावड्यांनी, मिळेल त्या पहारीनं काढलं होतं. भूकंपकेंद्राजवळच्या अवाजी बेटावर होकुदान नावाचं छोटं गाव होतं. तिथल्या लोकांनी शोधाचं काम त्याच दिवशी संपवलं. कारण कोणत्या घरात कोण, कोणत्या बाजूला झोपतं, हे त्यांना ठाऊक होतं. सगळं घर उकरत बसावं लागलं नाही. नेमकं जिथं माणूस असणार तिथंच त्यांनी खणलं.

हे वाचल्यावर कोणीही स्वतःला एक प्रश्न विचारून पाहावा. आपल्या भिंतीपलीकडच्या घरात कोण कुठं झोपतं, हे आपल्याला माहीत आहे का? आणि आपण कुठं झोपतो, हे त्यांना? पुष्कळांना तर पलीकडच्या कुटुंबाचं आडनावही दारावरची पाटी वाचूनच कळलेलं असतं.

‘जामन आहे का?’

जबलपूर मराठी माणसाला परकं नाही. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं आणि नागपूरचं उच्च न्यायालय मध्य प्रदेशाचं होऊन त्याचं मुख्य पीठ जबलपूरला आलं. न्यायालय हललं, की त्याच्यामागे कारकून, वकील, लघुलेखक अशी सगळ्यांची बिऱ्हाडं हलतात. त्याशिवाय तोफांच्या गाड्या बनवणारा १९०४ सालचा कारखाना, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना, १९६९ मध्ये सुरू झालेला वाहन कारखाना, रेल्वे आणि वीज मंडळ होतंच. या सगळ्यांच्या नोकरीनिमित्त देशभरातली माणसं या शहरात आली. त्यांच्या वसाहतींत एकाच रांगेत मराठी, बंगाली, तमिळ, पंजाबी आणि बुंदेली बोलणारी कुटुंबं राहू लागली.

अशा रांगेतल्या एखाद्या क्वार्टरमध्ये बदली होऊन आलेल्या मराठी गृहिणीची कल्पना करावी. सामान अजून सुटलेलं नाही. दूध तापवून कोमट केलंय आणि लक्षात येतं, की विरजण नाही. नागपुरात असती तर खिडकीतून हाक मारली असती. इथं कोणाला ओळखत नाही. आणि मुख्य म्हणजे विरजणाला हिंदीत काय म्हणतात, हेच तिला माहीत नाही! वाटी घेऊन ती शेजारच्या दारात उभी राहते, हातवारे करते, दूध-दही-रात्र-सकाळ असं काहीतरी बोलते. शेजारीण आधी गोंधळते, मग हसते. ‘अच्छा, जामन!’

त्या दिवशी तिला दोन गोष्टी मिळतात, चमचाभर दही आणि एक शब्द. तिसरी गोष्ट तिच्या नकळत मिळते. वाटी परत करायला तिला पुन्हा त्या दारात जावं लागतं. आणि आपल्याकडची रीत अशी, की दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. मग त्या वाटीतून थालीपिठाचा तुकडा जातो किंवा चार चकल्या. पुढच्या वेळी तिकडून बाफला-दाल येते. वाटी कोणाची होती, हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

गोलबाजारातल्या दत्तमंदिरात जबलपूरचे मराठी लोक भेटत आले आहेत. तिथं आपली भाषा मिळते, आपली आरती मिळते. पण मंदिर रोज भेटत नाही, आणि मध्यरात्री मुलाला ताप भरला तर नागपूरची आत्याही धावून येऊ शकत नाही. तेव्हा दार वाजवायचं असतं ते जामन देणारीचंच.

शिडी मागायला आलेली शेजारीण

शेजाऱ्यांच्या अशा नात्यावर जगभर कादंबऱ्या लिहिल्या जातात आणि त्या आवडीनं वाचल्याही जातात. अलीकडच्या काळात यातली सर्वांत गाजलेली म्हणजे स्वीडनच्या फ्रेडरिक बॅकमन यांची २०१२ सालची कादंबरी. इंग्रजीत ती ‘अ मॅन कॉल्ड ओव्ह’ या नावानं आली. २०१५ मध्ये तिच्यावर स्वीडिश चित्रपट निघाला आणि २०२२ मध्ये टॉम हँक्सला घेऊन हॉलिवूडनंही तो काढला.

कथेत ना रहस्य आहे ना प्रवास. एका रांगेतली घरं आहेत, जबलपूरच्या क्वार्टर्ससारखीच. त्यांतल्या एका घरात ओव्ह राहतो. वय एकोणसाठ. बायको वारलेली, नोकरी सुटलेली. स्वभाव असा, की कोणी गाडी चुकीच्या जागी लावली तरी याचं डोकं तापतं. रोज सकाळी तो वसाहतीत फेरी मारतो, सगळी कुलपं तपासतो आणि सगळ्यांवर चिडतो. आतून मात्र तो पार रिकामा झालाय. बायकोशिवाय जगण्यात त्याला अर्थ वाटत नाही आणि आवराआवर करून निघून जायची त्यानं तयारी चालवली आहे.

नेमकं त्याच वेळी समोर एक कुटुंब राहायला येतं. इराणी वंशाची परवाने, तिचा धांदरट नवरा आणि दोन मुली. परवानेला तिसऱ्यांदा दिवस गेलेले आहेत. त्यांना शिडी हवी असते. मग शिडीवरून नवरा पडतो म्हणून दवाखान्यात पोचवणारं कोणीतरी हवं असतं. मग परवानेला गाडी चालवायला शिकायचं असतं. रांगेतल्या दुसऱ्या एका म्हातारीला घर गरम ठेवणारी यंत्रणा दुरुस्त करून हवी असते. तिचा नवरा एके काळचा ओव्हचा मित्र. क्षुल्लक कारणांवरून दोघांत अबोला धरलेला आणि आता तो मित्र आजारानं सगळं विसरत चाललेला. प्रत्येक वेळी ओव्ह कुरकुरतो, शिव्या घालतो आणि काम करून देतो. जाण्याचा बेत दर वेळी एक दिवस पुढे ढकलला जातो.

या कादंबरीत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. ओव्हला कोणी समजावत नाही. ‘सगळं ठीक होईल’ असं सांगून कोणी पाठीवर हात फिरवत नाही. तसं कोणी केलं असतं तर त्यानं दार आपटलं असतं. परवाने त्याला काही द्यायला येत नाही. ती मागायला येते. आणि ज्याच्याकडे कोणी काही मागतं, तो माणूस अजून उपयोगाचा असतो. ओव्हला बरं करतं ते हेच.

आपल्याकडे याच्या अगदी उलट शिकवण आहे. ‘कोणाकडे काही मागू नये’, ‘कोणाचे उपकार घेऊ नयेत’ असं मुलींना लहानपणापासून शिकवलं जातं. देणारा मोठा आणि मागणारा लहान असं आपण धरून चालतो. पण शेजारच्या घरात एकट्या राहणाऱ्या काकांना नुसता डबा नेऊन दिला, तर त्यांचं पोट भरतं आणि मन थोडं खट्टू होतं. त्याच काकांना ‘मुलाला अपूर्णांक समजत नाहीत, तासभर बसाल का?’ असं विचारलं, तर ते दाढी करून, धुतलेला सदरा घालून तासभर आधीच तयार असतात.

घर मिळालं, शेजार गेला

शेजार तुटला तर काय होतं, याचा धडा कोबेनं फार मोठी किंमत देऊन घेतला. भूकंपानंतर सरकारनं हजारो तात्पुरती घरं बांधली. वाटप न्याय्य व्हावं म्हणून चिठ्ठ्या टाकल्या आणि वृद्धांना, अपंगांना आधी घरं दिली. हेतू चांगलाच होता. पण झालं असं, की चाळीस वर्षं एका गल्लीत राहिलेली माणसं चार दिशांना पांगली आणि अनोळखी वृद्धांच्या शेजारी अनोळखी वृद्ध येऊन बसले. छप्पर होतं, अन्न होतं, औषध होतं. हाक मारायला मात्र कोणी नव्हतं. त्या तात्पुरत्या घरांमध्ये पुढच्या काही वर्षांत दोनशेहून अधिक माणसं एकटी असताना मेली आणि त्यांच्या मरणाचा पत्ता नंतर कधीतरी लागला. अशा मरणासाठी जपानी भाषेत ‘कोदोकुशी’ हा वेगळा शब्द आहे. भूकंपातून वाचलेली ही माणसं शेजार गेल्यामुळे मेली, असं म्हटलं तर ते फार चुकीचं ठरणार नाही. पुढे २००४ मध्ये निइगाता भागात भूकंप झाला, तेव्हा जपाननं ही चूक सुधारली आणि यामाकोशी गावातल्या लोकांना शक्य तिथे एकत्रच हलवलं.

आपल्या लातूर-उस्मानाबादमध्येही थोड्याफार फरकानं हेच घडलं. किल्लारी आणि आसपासची ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावात माळवदाची घरं भिंतीला भिंत लावून उभी होती. अरुंद गल्ल्या, ओटे, आणि ओट्यावर निवडणं-टिपणं करत बसलेल्या बायका. नवी गावं अभियंत्यांनी आखली. सरळ रेषेत रुंद रस्ते, सुटी सुटी घरं, मध्ये मोकळी जागा. भूकंपाच्या दृष्टीनं ती सुरक्षित होती, यात शंका नाही. पण गाव आधीपेक्षा कितीतरी पटींनी पसरलं. जिथं पूर्वी बसल्या जागेवरून ‘अगं, आलीस का?’ अशी हाक जायची, तिथं आता रस्ता ओलांडून चालत जावं लागू लागलं. आणि ज्या बाईनं घरची माणसं गमावली आहेत, तिचं पाऊल घराबाहेर पडायलाच तर सगळ्यांत जड असतं.

ज्यांनी सोसलं, त्याच धावल्या

पण याच भूकंपाची दुसरीही एक गोष्ट आहे. सगळी गावं हलवलेली नव्हती. हजारो गावांतली घरं जागच्या जागीच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. पैसा जागतिक बँकेच्या मदतीनं आलेला, पण तो वापरायचा कसा, सिमेंट किती घ्यायचं, भिंतीत बांधकामाचे पट्टे कुठं घालायचे, हे घराघरांत समजावणार कोण? प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं त्यासाठी गावातल्या महिला मंडळांतल्याच बायका पुढे आणल्या. त्यांना नाव मिळालं ‘संवाद सहायक’.

या बायका अभियंत्या नव्हत्या. शाळा अर्धवट सोडलेल्या, कधी गावच्या सभेत तोंड न उघडलेल्या. त्यांनाही त्याच पहाटेनं हादरवलं होतं. पण आता गावाला त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं. त्या घरोघर जाऊ लागल्या, बांधकाम बघू लागल्या, हप्ता का अडला हे कार्यालयात जाऊन विचारू लागल्या. कोणाच्या घरी गेलं, की आधी भिंतीबद्दल बोलणं व्हायचं आणि नंतर गेलेल्या माणसांबद्दल. भिंत सांधता सांधता बोलणंही सांधलं जात होतं.

२६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला. तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायकांपैकी काही जणी कच्छला गेल्या. भाषा वेगळी, पेहराव वेगळा. तिथल्या बायकांसमोर बसून त्यांनी आपली पडलेली घरं आणि पुन्हा उभी केलेली घरं यांबद्दल सांगितलं. सरकारी अधिकारी जे सांगतो ते आणि ‘आमचंही असंच पडलं होतं’ असं म्हणणारी बाई जे सांगते ते, या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शेजारधर्म म्हणजे भिंतीला भिंत लागून असणंच नव्हे. दुःखाला दुःख लागून असलं, तरी शेजार होतो.

शेजाराचे काटे

हे सगळं वाचून ‘जुना काळ किती छान होता’ असा सुस्कारा टाकायची मात्र गरज नाही. जुना शेजार गोड होता तसा काटेरीही होता. कोणाकडे कोण आलं, सून किती वाजता घरी परतली, कोणाच्या चुलीवर काय शिजतंय, यावर बारा डोळे लागलेले असत. किती तरी मुलींची लग्नं आणि शिक्षणं शेजारच्या कुजबुजीनं मोडली. विरजण सगळ्यांच्या दारातून मिळत नव्हतं, हेही खरं. जात विचारून वाटी द्यायची की नाही ते ठरत असे. आजही भाड्यानं घर देताना आडनाव, धर्म आणि जेवणखाण विचारलं जातंच.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. जुना शेजार बायकांच्या कष्टांवर उभा होता. दुपारी घरी असणारी, कोणाचं बाळ सांभाळणारी, कोणाचं वाळवण उचलून आत ठेवणारी बाई होती म्हणून तो चालला. आता ती नोकरीला जाते आणि ते योग्यच आहे. मग शेजार सांभाळायचं काम एकट्या तिच्यावर का टाकायचं? वाटी घेऊन शेजारी जायला पुरुषांच्या हाताला काही अपाय होत नाही.

म्हणून आता जोडायचा तो शेजार वेगळा असायला हवा. त्यात दार वाजवायची मुभा असेल, पण दारातून आत डोकावण्याची नसेल. मदत असेल, पण पाळत नसेल. अडचणीत माणूस हवा, म्हणून त्याची जात आधी विचारायची नसेल.

दह्याचं पाकीट आणि दार

आज शहरांत फोनवर बोट टेकवलं, की काही मिनिटांत दह्याचं पाकीट दारात येतं. विरजणासाठी कोणाकडे जायची गरज उरलेली नाही. सोय मोठी आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण पाकीट आणणारा मुलगा वाटी परत घ्यायला येत नाही. पैसे दिले, हिशेब मिटला. बाजारात हिशेब मिटणं चांगलं. शेजारात मात्र तो थोडा शिल्लकच असावा. कोणाची वाटी कोणाकडे राहिली आहे, या विचारानंच पुढची फेरी होते.

एकटेपणा आता फक्त कादंबरीचा विषय राहिलेला नाही. ब्रिटननं २०१८ मध्ये आणि जपाननं २०२१ मध्ये या प्रश्नासाठी मंत्र्यावर वेगळी जबाबदारी सोपवली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. यातली सगळी माणसं काही ओसाड रानात राहत नाहीत. त्यांतली कित्येक जण एकाच जिन्यानं चढ-उतार करणाऱ्या इमारतींतच राहतात.

सुरुवात फार मोठी करायची नसते. ‘चला, आजपासून आपण सगळे एक कुटुंब’ असं म्हणून शेजार जुळत नाही. तो जुळतो पुढील छोट्या गोष्टींनी.

पहिली गोष्ट, मागायला शिका. घरात असतानाही एखाद वेळी लिंबू, विरजण, पाना किंवा शिडी शेजारून मागा. मागण्यानं आपण लहान होत नाही, समोरचा थोडा मोठा होतो.

दुसरी, वाटी रिकामी पाठवू नका. पण परतफेड तोलूनमापून, त्याच दिवशीही करू नका. चढाओढ सुरू झाली, की नातं दमतं.

तिसरी, माहिती ठेवा. शेजारी एकटं कोण राहतं, कोणाला रात्री ऐकू येत नाही, मुलाचा परगावचा फोन नंबर काय, हे विचारून ठेवा. आणि आपलंही सांगून ठेवा. ही चौकशी नव्हे, तयारी आहे. आणि ही माहिती चौथ्या घरी सांगायची नसते.

चौथी, नवं बिऱ्हाड आलं तर पहिल्याच दिवशी पाण्याची कळशी आणि चहा पाठवा. तिसऱ्या महिन्यात ओळख करून घेणं दोन्हीकडे अवघड जातं.

पाचवी, चिडक्या शेजाऱ्याला सोडून देऊ नका. जो सारखा भांडायला येतो, त्याला निदान दार वाजवायचं कारण तरी हवं असतं. त्याला एखादं काम सांगून पाहा.

आणि सहावी, जुना अबोला असेल तर त्याचं कारण आठवून पाहा. गाडी लावण्यावरून? गच्चीवरच्या पाण्यावरून? ओव्हच्या मित्राला भांडणाचं कारण आठवेनासं झालं होतं आणि तोवर फार उशीर झाला होता.

जबलपूरची ती पहाट होऊन आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. तडे गेलेल्या कित्येक भिंती बुजवल्या गेल्या, कवेलूंची घरं उतरवून सिमेंटची बांधली गेली. तेव्हा अंगणात खाटेवर झोपलेली मुलं आज चाळिशीत आहेत आणि बहुधा वातानुकूलित खोलीचं दार लावून झोपतात. घरं आधीपेक्षा पक्की झाली आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण नर्मदेच्या खोऱ्याखालची जमीन पुन्हा कधी हलेल, हे कोणी सांगू शकत नाही. जमीन न हलताही माणूस कोसळतोच. कधी पत्नी जाते, कधी नोकरी जाते, कधी मुलं दूरदेशी जातात.

त्या दिवशी कोणीतरी अंधारात म्हणायला हवं, ‘ते मागच्या खोलीत झोपतात, आधी तिकडे चला.’ ते म्हणणारा माणूस आज भिंतीपलीकडेच आहे. संध्याकाळी दूध कोमट झालं, की एक वाटी घेऊन त्याचं दार वाजवायला हरकत नाही.